गिटार आणि प्रोजेक्टरने शहरं जगतात म्हणे!

मंद्रसप्तक: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की बुडालेली शहरं प्रयोगशील रॉकवाले आणि डिजिटल कलावंतच वर काढतात. दाखला इंग्लंडातल्या पोलादनगरी शेफिल्डचा. डोकंच फिरलं. तिथला कॅबरे व्हॉल्टेअर हा टेपचे तुकडे जोडून संगीत करणारा बँड 1973 मध्ये सुरू झाला, पोलादाचे कारखाने त्यानंतर धडाधड बंद पडले. टेप कापून जोडल्याने कुणाची नोकरी वाचली? पुढे 1999 मध्ये दीड कोटी पौंड ओतून लोकप्रिय संगीताचं केंद्र बांधलं, चार पोलादी ढोलांसारख्या इमारती. दुसऱ्याच वर्षी टाळं! आता तिथे विद्यार्थी संघटना बसते.

भिंगरी: ती लॉटरी निधीची हौस होती, खापर बँडवाल्यांवर कशाला? ऑस्ट्रियातलं लिंत्स बघा. पोलादाचं धुरकट गाव, पण 1979 पासून आर्स इलेक्ट्रॉनिका हा डिजिटल कलेचा महोत्सव भरतो आणि जगभरचे लोक येतात.

खडूसकाका: लिंत्सचा पोलाद कारखाना अजून चालू आहे हो. चूल त्यावर पेटते. महोत्सव म्हणजे वरची कोथिंबीर.

पिक्सेलवाला: महोत्सवाचं नाव काढू नका. एका बंद कारखान्याच्या भिंतीवर माझं प्रोजेक्शन होतं. नकाशात दाखवलेल्या दोन खिडक्या प्रत्यक्षात विटांनी बुजवलेल्या. आयत्या वेळी सगळे मास्क, म्हणजे प्रकाश कुठे पडू द्यायचा नाही ते झाकणारे आकार, नव्याने काढले. मानधन? “एक्स्पोजर मिळेल.” प्रोजेक्टरचं भाडंसुद्धा माझ्याच खिशातून.

मंद्रसप्तक: लेखी करार का नाही केलात?

पिक्सेलवाला: करार मागितला की पुढच्या वेळी बोलावत नाहीत. तुम्ही आयटीत ना? द्या की फुकट कोड लिहून!

मंद्रसप्तक: मी फुकट काम करत नाही, म्हणून रडतही नाही.

पिक्सेलवाला: वा! दर महिन्याला पगार जमा होतो, त्याला हे बोलणं सोपं आहे.

खडूसकाका: अरे, विषय शहरांचा आहे.

भिंगरी: काका, हाच तर विषय आहे! पडक्या वास्तूत कलावंत फुकट राबतात, वस्तीला नाव होतं, मग मालक जागा होतो. बर्लिनची टाखेलेस ही पडकी इमारत आठवा. 1990 मध्ये कलावंत पोरांनी ताबा घेऊन ती पाडकामातून वाचवली, 2012 मध्ये उरलेल्यांना बाहेर काढलं. आता तिथे महागडे फ्लॅट.

मंद्रसप्तक: बरं बाई, कलावंतांनी शहर नाही, पण जमिनीचे भाव वर काढले. एवढं मान्य. खूश?

पिक्सेलवाला: मग दलाली तरी द्या!