मेंदूच्या इजेचे 'सूचक', 'दर्शक' की 'चिन्हक'?

प्रश्न : अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ मुलांच्या रक्ततपासणीसंबंधी लिहिताना 'बायोमार्कर'साठी (शरीरातील बिघाडाची कल्पना देणारा, मोजता येणारा पदार्थ) जैवचिन्हक, जैवदर्शक आणि जैवसूचक असे तीन शब्द वापरले जातात. त्यांपैकी कोणता घ्यावा?

उत्तर : मी 'जैवसूचक' घेईन. चिन्हक म्हणजे खूण करणारा, आणि येथे तर पेशीला इजा झाल्यावर तिच्यातील प्रथिन आपोआप रक्तात उतरते. 'दर्शक' चालेल, पण जे दाखवले ते आहेच, अशी खात्री त्यातून ध्वनित होते. सूचक मात्र केवळ सुचवतो, आणि मुलांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे.

उदाहरणार्थ, मेंदूच्या इजेचे सूचक म्हणून मोजले जाणारे न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज हे विकर (एन्झाइम) नावाप्रमाणे केवळ चेतापेशींचे वाटते. प्रत्यक्षात ते तांबड्या रक्तपेशींत आणि बिंबिकांतही (प्लेटलेट) असते. म्हणून एक्मो यंत्रावर (शरीराबाहेर रक्ताला प्राणवायू पुरवणारे यंत्र) ठेवलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी फुटल्या, किंवा नमुना घेतानाच रक्तविलयन झाले (म्हणजे त्या पेशी फुटल्या), तर मेंदूला काही झालेले नसतानाही आकडा वाढतो. एस-१००-बी हे दुसरे सूचक प्रथिन मुख्यतः मेंदूतील अॅस्ट्रोसाइट या आधारपेशींतले, पण ते मेदपेशींत आणि कूर्चेतही आढळते. शिवाय तान्ह्या बाळांत त्याची पातळी मुळातच अधिक असून वयाबरोबर ती उतरत जाते, त्यामुळे प्रौढांची मर्यादा त्यांना लावणे चूक ठरते. अॅस्ट्रोसाइटमधीलच जीएफएपी हे प्रथिन त्या मानाने मेंदूशी अधिक निगडित आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल१ (चेतापेशींतील एक प्रथिन) यांच्या एकत्रित रक्तचाचणीला परवानगी दिली, तीही डोक्याला सौम्य मार लागलेल्या प्रौढांसाठी, सीटी स्कॅन लागेल का हे ठरवण्यास मदत म्हणून.

'इजा' हा शब्दही जपून वापरावा लागतो. 'मार' म्हटले की बाहेरून बसलेला तडाखा डोळ्यांपुढे येतो, आणि 'आघात' पक्षाघाताकडे नेतो. अत्यवस्थ मुलात मात्र हृदय बंद पडल्याने झालेला प्राणवायूचा तुटवडा, मेंदूज्वर किंवा न थांबणारे झटके हीही कारणे असतात. त्या सर्वांना 'इजा' सामावून घेते.

कृत्रिम श्वसनावर, गुंगीच्या औषधांखाली असलेल्या मुलाची चेतातपासणी अपुरी राहते, आणि म्हणूनच डॉक्टरांना या सूचकांची ओढ असते. परंतु पालकांना सांगताना 'सूचकाची पातळी वाढलेली आहे, ती स्कॅन, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि पुढील तपासणीशी ताडून पाहू' असे म्हणावे. 'मेंदूची इजा सिद्ध झाली' असे केवळ त्या आकड्यावरून म्हणू नये.