मराठी प्रबंध लॅटेकमध्ये घालालेय, वेलांट्या जागेवर येईनात

जात्यावरची_ओवी:
नमस्कार. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्यांवर पीएचडी करालेय. वर्डमध्ये दीडशे पानांनंतर सगळं हलायला लागलं म्हणून लॅटेककडं (आज्ञा लिहून पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वळले, नेटवरचं एक इंग्रजी टेम्प्लेट ओव्हरलीफवर (लॅटेक ब्राउझरमध्ये चालवायची साइट) घेतलं, तर देवनागरी आली की एरर. कुणीतरी कंपायलर (पीडीएफ तयार करणारा प्रोग्राम) झीलॅटेक कर म्हणालं, तर एरर गेली पण मजकूरही गेला, पानं कोरी. मग फाँट घातला तर ‘दिवा’तली वेलांटी द च्या उजवीकडं जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. शिवाय दोन आज्ज्या मधेच कानडीत बोलतात, ते तसंच ठेवायचंय, तिथं नुसते चौकोन. महिन्याभरात गाईडना प्रत द्यायचीय, कुठनं सुरू करू सांगा की.

टिळकवाडीकर:
ताई, घाबरू नका, तुम्ही जवळ पोचलाय. फाँट देताना ‘स्क्रिप्ट’ हा पर्याय देवनागरी दिलाय का बघा, तो नसला की वेलांटी आणि जोडाक्षरं असंच करतात. त्याच्यातच ‘लँग्वेज’ मराठी द्या, फाँटमध्ये सोय असली तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. फाँट आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या, टेक्स लाइव्हमध्येच (लॅटेकचा तयार संच) येतो. आणि टेम्प्लेटच्या वरच्या भागातली इनपुटएन्क, फाँटएन्क ही पॅकेजं आणि टाइम्सचा फाँट काढून टाका, ते पीडीएफलॅटेक या दुसऱ्या कंपायलरसाठी असतंय, बाबेलही काढा, त्यांच्या जागी फाँटस्पेक (फाँट निवडायला) आणि पॉलिग्लॉसिया (भाषा सांगायला). कोरी पानं का आली तर मूळ लॅटिन फाँटमध्ये देवनागरी नसतेच, ते एरर म्हणून दिसत नाही, लॉगमध्ये (कंपायलरनं लिहिलेली नोंदीची फाइल) ‘मिसिंग कॅरेक्टर’ म्हणून निमूट लिहिलेलं असतंय. लॉग वाचायची सवय लावून घ्या, माझे दोन महिने तिथंच वाचले असते.

निवृत्त_मास्तर:
बाळ, कानडीसाठी वेगळं फाँट कुटुंब सांगावं लागतं, नोटो सेरिफ कन्नड, स्क्रिप्ट कन्नड, आणि पॉलिग्लॉसियात दुसरी भाषा कन्नड. मग आजीचं बोलणं त्या भाषेच्या कमांडच्या कंसात घालायचं. आज्ज्यांचं बोलणं मराठी करून टाकलं नाहीस हे फार बरं केलंस, आपल्या भागात घरात असंच बोलतात. एक विचारतो, ओव्या टाईप कुणी केल्या? डीटीपीवाल्यानं जुन्या फाँटात (आत इंग्रजी अक्षरं, वर देवनागरीचं नुसतं रूप) केल्या असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, फिरवून घे, नाहीतर फाँट कुठलाही दे, उपयोग नाही.

जात्यावरची_ओवी:
सर, अर्ध्या ओव्या तशाच आहेत!! म्हणूनच प्रकरण तीनमध्ये सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसत होतं, मी टेम्प्लेटला दोष देत बसले. स्क्रिप्ट घातल्यावर वेलांट्या मात्र जागेवर आल्या, आईला उठवून दाखवलं.

टिळकवाडीकर:
झालं की मग. फिरवल्यावर रफार आणि ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासा, तिथंच चुका राहतात. ओव्यांना व्हर्स एन्व्हायर्नमेंट (कवितेसाठीची मांडणी) वापरा, लांब ओळ तुटली तरी उरलेला भाग आत सरकून येतो. समास मात्र टेम्प्लेटवर सोडू नका, डिपार्टमेंटचा कागद घेऊन बसा, बांधणीच्या बाजूला दीड इंच मागतात बहुतेक ठिकाणी, जिऑमेट्री पॅकेजमध्ये एका ओळीत होतं. शोधगंगेवर (प्रबंधांचा ऑनलाइन साठा) जायच्या आधी पीडीएफमधली एक ओवी कॉपी करून दुसरीकडं पेस्ट करून बघा, अक्षरं उलटीसुलटी आली तर इथंच लिहा, रात्री बघतो.