'नैराश्य आहे का?' असं विचारू नका
कुणीतरी लिहिलंय, की गावाकडची माणसं समुपदेशन घेतच नाहीत. अर्धंच खरंय. आमच्या बीडकडं बाईला 'नैराश्य आहे का?' विचारलं तर ती नाहीच म्हणणार. 'झोप लागती का? जीव घाबरा होतो का?' असं विचारा, तासभर बोलती. आशाताईंना हे जमतं, कारण त्या त्याच गल्लीतल्या असतात.

खरी अडचण ऊसतोडीवाल्यांची. दिवाळीच्या आगंमागं टोळ्या निघतात, पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत. गोळ्या इथल्या दवाखान्यातल्या, माणूस सांगली-कोल्हापूरकडं. औषध तुटतं. वर मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा घोर. सरकारच्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, चांगलंच आहे. पण कोपीत सासू, नवरा, लेकरं हाताच्या अंतरावर. बाईनं फोनवर बोलायचं कुठं? त्यापेक्षा कारखान्याच्या तळावर आठवड्याला एखादी बाई समुपदेशक पाठवा, तीही मराठवाड्याकडची.

लातूरकडच्या किल्लारीचंही तेच, मन मोकळं करायला जागा नाही. १९९३ च्या भूकंपानंतर पक्की घरं मिळाली, पण सरळ रेषेतल्या नव्या वसाहतीत जुना शेजार मोडला. रडायला ओळखीचा ओटा राहिला नाही, हे (आमच्या मावशीचं म्हणणं) कुठल्याच फॉर्मात भरता येत नव्हतं.