नाताळची सुट्टी, माथेरान आणि दोन लहान मुलं: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०४ : नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत एका दिवसासाठी माथेरानला जायचा विचार आहे. सकाळी कल्याणहून निघायचं आणि रात्री जेवायला घरी. थोरला ४ वर्षांचा, धाकटी १४ महिन्यांची, सोबत सासूबाई (गुडघे दुखतात). गाडी काढावी की लोकलने जावं? आणि मिनी ट्रेन नेरळपासूनच घ्यावी का? थोरल्याने ट्रेनचा हट्ट धरलाय.

सी-५०१ काका : लोकलने जा. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा, बदलापूरची नको. कल्याण ते नेरळ ३३ किलोमीटर, पाऊण तासाच्या आसपास. पाच वर्षांखाली तिकीट नाही, म्हणजे दोन्ही मुलं फुकट.

नेरळहून पूर्ण मिनी ट्रेनचा मोह मात्र या वेळी आवरा. २१ किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास लागतात. रूळ दोन फुटी, चढ आणि वळणं इतकी तीव्र की गाडी पळूच शकत नाही. १९०७ साली हाच मार्ग डोंगराला वळसे घालत वर नेला, तो बघण्यासारखाच आहे. पण ४ वर्षांचं मूल पहिला अर्धा तास खिडकीला चिकटून बसतं आणि नंतर खाली उतरायला मागतं. डब्यात शौचालय नाही. १४ महिन्यांच्या बाळाचं लंगोट बदलायलाही जागा नाही.

माझ्या मते नेरळ ते दस्तुरी नाका टॅक्सी, आणि तिथून जवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत मिनी ट्रेनची शटल, म्हणजे छोटी फेरी. तीच गाडी, तेच इंजिन, तीच शिट्टी, वीसेक मिनिटांत वर. मुलाची हौस फिटते आणि दिवसही हातात राहतो.

डी-२०१ : काका, थोडी असहमती. मूल ६-७ वर्षांचं आणि ट्रेनवेडं असेल तर पूर्ण प्रवासच करावा. जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्टेशनं, मधला बोगदा, दरीकडची वळणं, शटलमध्ये यातलं काही दिसत नाही. पण १४ महिन्यांचं बाळ असताना शटलच, हे पटलं.

सी-५०१ काका : बरोबर. आणखी दोन वर्षांनी दोघांना घेऊन पूर्ण गाडीने जा.

ए-३०४ : दस्तुरी म्हणजे जिथे गाड्या थांबतात तेच ना? तिथून पुढे चालत किती?

सी-५०१ काका : हो. पुढे वाहनबंदी, अँब्युलन्स, अग्निशमनचा बंब आणि मोजक्या ई-रिक्षा तेवढ्या सोडून. दस्तुरीहून बाजारपेठ अंदाजे अडीच किलोमीटर. मोठ्या माणसाला पाऊण तास, लहान मूल चालवत नेलं तर सव्वा तास धरा.

दस्तुरीला नगरपरिषदेचा प्रवेश कर भरला की उजवी-डावी न बघता आधी अमन लॉज स्टेशनकडे चला. पाच-सात मिनिटांवर आहे. टॅक्सीतून उतरल्या उतरल्या कोणीतरी गाठतं आणि सांगतं, "ट्रेन बंद आहे, स्टेशन लांब आहे, घोडाच करावा लागेल." ऐकून घ्या आणि स्टेशनच्या खिडकीवर स्वतः विचारा. वेळापत्रक मोसमागणिक बदलतं, म्हणून कुठल्यातरी जुन्या पोस्टमधल्या वेळा धरून निघू नका.

ए-३०४ : आणि सासूबाईंचं?

डी-२०१ : त्यांनाही शटलच. चढउतार वाचतो. ती चुकली तर ई-रिक्षा, पण त्या मोजक्याच आहेत, गर्दीच्या दिवशी रांग मोठी. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्येच सांगितलंय, तेव्हा त्या धरून आखणी करू नका. वर पोहोचल्यावर त्यांना बाजारपेठेच्या जवळच ठेवा. पेमास्टर पार्क, माधवजी गार्डन, खंडाळा पॉइंट हे सगळं जवळ-जवळ आहे. आजीला बाकावर बसून मुलं खेळताना दिसतात. पॅनोरमा पॉइंट या वेळी विसरा. बाजारापासून खूप लांब आहे, आणि परतताना दोन्ही मुलं कडेवर येतील.

शार्लोट लेक जमल्यास. जवळजवळ दोन किलोमीटर आहे, झाडीतून सावलीची वाट. तिथलं पाणी गावाला प्यायला जातं, त्यामुळे मुलांना पाण्यात उतरवायचं नाही. पॉइंटवर एक गोष्ट कटाक्षाने पाळा : कठडा नसलेल्या ठिकाणी मुलाचा पंजा नाही, मनगट धरायचं. जांभा दगड कडेला ठिसूळ असतो, वर खडी सुटी पडलेली असते आणि घामेजलेला पंजा झटक्यात निसटतो.

ए-३०४ : स्ट्रोलर घेऊ का?

डी-२०१ : नको. रस्त्यावर मधे मधे पेव्हर ब्लॉक आहेत, पण बाकी लाल माती, सुटे दगड, वर आलेली मुळं आणि घोड्यांची लीद. पुढची लहान चाकं दगडात अडकतात आणि स्ट्रोलर पुढे कलंडतो. शेवटी रिकामा स्ट्रोलर एका हातात आणि बाळ दुसऱ्या हातात अशी गत होते. कापडी कॅरिअर घ्या, कमरेला रुंद पट्टा असलेला. वजन खांद्यावर न येता कमरेवर यायला हवं. बाळाचे गुडघे त्याच्या बुडापेक्षा किंचित वर राहिले पाहिजेत. पाय नुसते लोंबकळत असतील तर बैठक अरुंद आहे. पट्टे घरी वीस मिनिटं बाळासकट चालून जुळवा, तिथे जाऊन पहिल्यांदा बांधू नका.

बी-१०२ ताई : कॅरिअरमध्ये बाळ झोपलं की मान बघत राहा. हनुवटी छातीला टेकता कामा नये, दोन बोटं जातील एवढी फट हवी.

टॅक्सीच्या घाटाबद्दलही सांगते. नेरळ ते दस्तुरी चढ छोटा आहे पण वळणं लागोपाठ. मुलांना उलटी होते ती दोन कारणांनी. एक तर रिकामं पोट किंवा तुडुंब पोट, आणि दुसरं म्हणजे खाली मान घालून मोबाइल बघणं. निघण्याआधी तासभर कोरडं, हलकं काहीतरी द्या : अर्धी पोळी, दोन खारी. दूध नको. थोरल्याला मधल्या सीटवर समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, काच खाली. प्रोमेथाझीन असलेली उलटीची गोळी २ वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नाही, अर्धी-पाव करूनही नाही. थोरल्यासाठी हवी असेल तर वजन सांगून डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन पिशव्या आणि ओला रुमाल हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही.

बी-६०३ काकू : अगं, खायचं घरून ने, दोघांचंही. वर सगळं मिळतं, पण गर्दीच्या दिवशी ताट यायला वेळ लागतो आणि भुकेलं मूल थांबत नाही.

दशम्या कर. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी गूळ, अर्धी वाटी दूध, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ. दूध कोमट असतानाच गूळ विरघळव. उकळत्या दुधात टाकलास तर फाटतं. गाळून घे, गुळात खडे असतात. कणीक पोळीपेक्षा किंचित घट्ट, वीस मिनिटं झाकून ठेव. भाजताना आच मंद. मोठी आच झाली की गूळ आधी करपतो आणि आत कच्ची राहते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर. गरम भरल्या की झाकणाला वाफ धरते आणि त्या ओलीने दुपारपर्यंत आंबूस वास येतो.

धाकटीला दहीभात. तो दही घालून नेऊ नकोस, दुपारी आंबट होतो. एक वाटी तांदळाचा भात मऊ शिजवून मॅश कर, त्यात दोन वाट्या कोमट दूध, मीठ आणि फक्त एक छोटा चमचा दही. सकाळी सातला डब्यात भरलास की जेवायच्या वेळेपर्यंत छान लागतो. थंडीत वेळ जरा जास्त लागतो, म्हणून डबा टॉवेलात गुंडाळ. भाताने दूध ओढलं की घट्ट होतो, तेव्हा मिश्रण सुरुवातीला पातळच असू दे.

ए-३०४ : काकू 🙏 हे अगदी उपयोगाचं. आणि चिक्की? थोरला मागणारच.

बी-१०२ ताई : शेंगदाण्याची चिक्की दोघांनाही नको. अख्खे दाणे श्वासनलिकेत अडकतात. चार-पाच वर्षांपर्यंत दाढांनी नीट चावायची सवय पक्की झालेली नसते, आणि चिक्कीत ते दाणे कडक पाकात असतात. हसताना, पळताना तोंडात असेल तर धोका आणखी. बाजारात फज मिळतो, तो मऊ असतो, थोरल्याला एक तुकडा द्या. घरी आणलेली चिक्की खलबत्त्यात अगदी बारीक कुटून दुधात घालून देता येते. जेली आणि गोल चघळायच्या गोळ्या धाकटीच्या हाती लागू देऊ नका. द्राक्षं नेलीत तर उभी चिरून, चार फोडी.

बी-६०३ काकू : राजगिऱ्याचा लाडू ने. हाताने चुरला की धाकटीलाही चालतो. कणीस घेतलंस तर दाणे सोलून थोरल्याला दे, आणि मसाला नको सांग.

बी-१०२ ताई : बर्फाचा गोळा टाळा. पाक कसा आहे त्यापेक्षा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कळत नाही, अडचण तिथे आहे. थंड हवंच असेल तर वेष्टनातलं आइस्क्रीम, आणि हातात घेऊन दाबून बघा. आकार बिघडलेला असेल तर ते मधे वितळून पुन्हा गोठलेलं आहे, घेऊ नका.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट जवळ ठेवा, वर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं. जुलाब लागले तर पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात चमचाभर असं अंदाजाने करू नका, मिठाचं प्रमाण चुकतं आणि ते बाळाला घातक ठरू शकतं. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. गोड टेट्रापॅकवाली पेयं ही ओआरएस नव्हेत.

ए-३०४ : लोक माकडांची फार भीती घालतात.

डी-२०१ : भीती नको, शिस्त हवी. माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज ओळखीचा झालाय, आणि रंगीत बाटलीही. तेव्हा खाऊ कापडी सॅकमध्ये, चेन लावून. वेफरचं पाकीट मुलाच्या हातात अजिबात नको, कारण मुलाची उंची आणि माकडाचा हात एकाच पातळीवर असतात. खायचं ते हॉटेलात किंवा चार भिंतींच्या आत बसून. माकडाने वस्तू पकडलीच तर सोडून द्या, ओढाओढ केली की चावतं. डोळ्यात डोळे घालून बघू नका आणि मुलांना दात दाखवून हसायला लावू नका, त्यांना ती धमकी वाटते.

बी-१०२ ताई : चावलं किंवा ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लस त्याच दिवशी. रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते लहान दवाखान्यात असेलच असं नाही, म्हणून खाली उतरून मोठं रुग्णालय गाठा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

आणि थोरल्याला धुळीने शिंका किंवा दम लागत असेल तर इन्हेलर-स्पेसर सोबत हवाच. तिथली लाल धूळ अगदी बारीक आहे आणि त्यात सुकलेली लीद मिसळते.

बी-६०३ काकू : कपडे गडद रंगाचे घाल गं. ती लाल माती पांढऱ्या मोज्यांतून निघत नाही. घरी आल्यावर आधी कोरडे झटक, मग पाण्यात घाल. ओले केलेस की डाग बसतो.

ए-३०४ : घोड्यावर थोरल्याला बसवावं का?

डी-२०१ : एकट्याला नाही. त्याचे पाय रिकिबीपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणजे तोल सांभाळायला काहीच उरत नाही. बसवायचंच असेल तर बाजारपेठेतल्या सपाट रस्त्यावर छोटा फेरा, घोडेवाला लगाम हातात धरून चालत आणि तुमचा एक हात मुलाच्या मांडीवर. "पळवायचा नाही" हे पैसे ठरवतानाच बोलून घ्या. दरही तेव्हाच, जाऊन-येऊन की एकेरी ते स्पष्ट.

सी-५०१ काका : आता परतीचं, कारण सगळी फजिती तिथेच होते. शटलला जागा मोजक्या आणि तिकीट त्या त्या गाडीपुरतं. चार ते सहा या वेळात सगळ्यांनाच उतरायचं असतं. डिसेंबरअखेर सूर्य सहानंतर लगेच मावळतो, म्हणजे सूर्यास्त बघून निघणारे अंधारातच वाट तुडवतात. तुम्ही दुपारी अडीचला माथेरान स्टेशनवर असा. वर पोहोचल्या पोहोचल्याच खिडकीवर परतीच्या गाड्या विचारून वेळा फोनमध्ये फोटो काढून ठेवा. एक गाडी चुकली तर पुढची कधी, हे माहीत हवं.

दिवस असा बसवा : कल्याण ६:३० च्या आसपास, नेरळला टॅक्सी, साडेआठपर्यंत दस्तुरी, शटलने दहाच्या आत वर. साडेअकराला मुलांचं जेवण, मग धाकटीची झोप कॅरिअरमध्ये. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हे दिवस सोडा, २३ च्या आधीचा मंगळवार-बुधवार मिळाला तर उत्तम.

डी-२०१ : आणि शेवटी गाडीच काढायची ठरली तर : शेवटच्या चढावर पहिला गिअर, पुढच्या गाडीत अंतर ठेवा, चढावर थांबून क्लच अर्धा दाबून धरू नका, जळतो. उतरताना पहिला-दुसरा गिअर, सतत ब्रेक नाही. शनिवार-रविवारी दस्तुरीचं पार्किंग सकाळीच भरतं आणि मग घाटातच रांग लागते, मुलांसकट.

ए-३०४ : लोकल पक्की. मंगळवार १६ धरते. काका, नेरळहून टॅक्सी शेअरची घेऊ की पूर्ण?

सी-५०१ काका : पूर्ण. शेअर टॅक्सी भरेपर्यंत थांबते, आणि उलटी झाली तर मधे थांबवायला सांगता येत नाही. भाडं बसण्याआधी विचारा, दस्तुरीपर्यंतचं.