विषय: सेल्टिक्सची सहल रद्द (एका शब्दाची दुरुस्ती)

१६ नोव्हेंबर २०११

मंडळी, नमस्कार.
१५ डिसेंबरपर्यंतचे एनबीए या बास्केटबॉल लीगचे सगळे सामने रद्द झालेत. खेळाडूंच्या संपामुळे, आपल्या बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाचा सामना बघायला गार्डन स्टेडियमवर जायची आपली मुलांची सहलही रद्द. चौतीस तिकिटांचे पैसे परत आले की ज्याचे त्याला चेक देतो. करोडपतींना आणखी हवंय आणि हिरमोड आपल्या पोरांचा!
– सहल समिती, बर्लिंग्टन

---

काका, सा. न.
तिकिटांसाठी तुम्ही किती खटपट केलीत ते मी पाहिलंय. तरी एक शब्द बदला, अशी विनंती. हा संप नाही, टाळेबंदी आहे. माझे वडील परळच्या गिरणीत साचेवाले होते, १९८२ चा संप आमच्या घराने सोसलाय. कामगार बाहेर थांबला तर संप, मालकाने कुलूप घातलं तर टाळेबंदी, हे आमच्या चाळीत पोराटोरांना ठाऊक होतं. इथे १ जुलैला कुलूप संघांच्या मालकांनी घातलं.

जुन्या करारात बास्केटबॉलच्या उत्पन्नातला ५७ टक्के वाटा खेळाडूंचा होता. मालक म्हणतात, गेल्या मोसमात ३० कोटी डॉलर बुडाले, निम्म्यावर या. खेळाडू ५३ च्याही खाली उतरले. पण संघ बदलायची मोकळीकही आवळायची म्हटल्यावर त्यांनी सोमवारी प्रस्ताव फेटाळला आणि संघटनाच मोडीत काढली. हा आततायीपणा नव्हे. संघटना वाटाघाटीला बसलेली असेपर्यंत मालकांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून कवच मिळतं. ती उठली की त्यांना कोर्टात खेचता येतं.

आणि तोटा? गेल्याच वर्षी आपल्या सेल्टिक्सचे एक भागीदार, जो लेकब, यांनी इतरांबरोबर मिळून गोल्डन स्टेट हा दुसरा संघ ४५ कोटी डॉलरना घेतला. बुडत्या धंद्याला एवढा भाव येत नाही.

या भांडणाचं मूळ आपल्या गावातही आहे. १४ जानेवारी १९६४, जुनं बॉस्टन गार्डन, लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना, देशभर टीव्हीवर. पेन्शनचा शब्द मिळेपर्यंत कोर्टवर उतरायचं नाही, असं ठरवून खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. आत बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट असे बडे खेळाडू. लेकर्स संघाच्या मालकाने दारावरच्या माणसाकरवी वेस्ट आणि बेलर या आपल्या खेळाडूंना दमाचा निरोप धाडला, तरी कोणी हललं नाही. लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडींनी शब्द दिला, तेव्हा कुठे सामना सुरू झाला. खेळाडूंचा म्होरक्या होता टॉम हाइन्सन. आपली मुलं टीव्हीवर ज्यांची कॉमेंट्री ऐकतात ना, तेच टॉमी.

हिरमोड मुलांचा झालाच. पण आमच्या शेजारच्या बाई गार्डनमध्ये लोकांना जागा दाखवायचं काम करतात, सामना झाला तरच पैसे. त्यांच्या फ्रिजवर वेळापत्रक आहे. रद्द झालेल्या तारखांवर त्या पेन्सिलीने काट मारतात, पेनाने नाही. काल मी गेले तेव्हा डिसेंबरचा अर्धा महिना भरला होता.
– वॉटरटाउनहून

---

ताई,
साचेवाल्याच्या लेकीशी यावर मी वाद घालणार नाही. दुरुस्त सूचना पाठवतोय: ‘टाळेबंदीमुळे सहल रद्द’. पन्नास टक्के मला अजूनही पुष्कळ वाटतात, ते भेटल्यावर बोलू. शनिवारी दिवाळीच्या जेवणाला शेजारच्या बाईंना घेऊन या. तिखट चालतं का तेवढं कळवा, स्वयंपाकाचा अंदाज उद्या द्यायचाय.
– बर्लिंग्टन