नवीन फिल्टर टाकले तरी रोटाव्हेटरला ट्रॅक्टर वीस मिनिटांत बंद पडतोय, डिझेल पंप खोलू का?

बांधावरचा
नमस्कार मंडळी, डोकं चालेना म्हणून विचारतोय. ट्रॅक्टर तीन सिलेंडरचा, जुना, साध्या डिझेल पंपाचा (इंजिनात दाबानं डिझेल सोडतो तो), दोन डिझेल फिल्टर शेजारी शेजारी. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होतो, मोकळा फिरवला तर दिवसभर काही तक्रार नाही. पण रोटाव्हेटर लावला की पंधरा वीस मिनिटं झकास चालतो आणि मग आवाज बसायला लागतो, अॅक्सिलेटर पूर्ण दिला तरी आरपीएम खाली खाली येतो आणि बंद. लगेच सेल्फ मारला तर नुसता फिरतो, दहा मिनिटं थांबलो की परत चालू, जसं काही झालंच नाही. दोन्ही फिल्टर दोन महिन्यांत दोनदा बदलले, एअर (डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा) काढली. बदललं की त्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी तेच. फिटर म्हणतोय पंप खोलावा लागेल. पेरणी तोंडावर आलीय आणि अर्धं वावर तसंच पडलंय, पंप खोलायच्या आधी अजून काय बघून घेऊ?

पाना तेरा
भाऊ, पंपाला अजून हात लावू देऊ नका. पंप घासला असता तर दहा मिनिटांच्या विश्रांतीनं सहसा इतका बरा झाला नसता. थांबल्यावर परत चालतो म्हणजे बहुतेक डिझेल मागून कमी पडतंय आणि ओढ थांबली की रस्ता मोकळा होतोय. मोकळ्यावर डिझेल कमी लागतं म्हणून तिथं कळत नाही, लोडवर कळतं.

एक सांगा, दम सोडताना काळा धूर येतो का? एअर क्लीनर चोक असेल तर काळा धूर ओकतो, डिझेलच पोचत नसेल तर धूर उलट कमी होतो.

आणि आवाज बसायला लागला की लगेच टाकीचं झाकण ढिलं करून बघा. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते धूळ-डिझेलच्या चिखलानं बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल खाली यायचं थांबतं. झाकण उघडताना 'सूं' असा आवाज आला आणि इंजिन सावरलं तर दुखणं तिथंच.

बांधावरचा
काळा धूर नाही. झाकण ढिलं ठेवून चालवून बघितलं, काहीच फरक नाही, अठरा मिनिटांत बंद.

जुनं इंजिन
मग टाकीचं खालचं तोंड बघा, जिथून डिझेल नळीत उतरतं ते. माझ्या ट्रॅक्टरला अगदी हेच झालं होतं आणि मी तीन वेळा फिल्टर बदलत बसलो होतो, म्हणून कळकळीनं लिहितोय. टाकीतून येणाऱ्या नळीचं टोक फीड पंपाकडनं (टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलणारा छोटा पंप) सोडा आणि बादलीत धरा. (तुमची टाकी फीड पंपापेक्षा वर असेल तरच हे जमेल, डिझेल आपोआप वाहायला पाहिजे.) नुसती धार आली म्हणून खूश होऊन नळी परत जोडू नका, चांगली पाच-सात मिनिटं वाहू द्या आणि धारेकडेच बघत बसा. माझी धार सुरुवातीला करंगळीएवढी होती, चार मिनिटांनी सुतळीएवढी आणि मग टिपटिप. टाकीच्या तोंडावर घाण येऊन बसते, ओढ थांबली की सुटून बाजूला होते, चालू केलं की परत येऊन बसते. फिल्टर बिचारा या सगळ्याच्या पुढं आहे, तो कितीदाही बदला.

अजून एक खात्रीचा उपाय, टाकी पूर्ण बाजूला ठेवायची. स्वच्छ कॅनमधून सरळ फीड पंपाला नळी द्या, कॅन वर घट्ट बांधा आणि अर्धा तास नांगर ओढू द्या. चालला तर दोष टाकीत किंवा टाकीच्या नळीत. तरी दम सोडला तर फीड पंपाची जाळी, त्याचे व्हॉल्व्ह आणि मग पुढचं.

बांधावरचा
सापडलं! काल धार बघितली, तीन मिनिटांत बारीक झाली. नळीतून उलटी हवा मारली तर टाकीत गुडगुड आवाज होऊन परत जाड धार. मग सगळी टाकी रिकामी करून फडक्यातून डिझेल गाळलं. तळाला काळपट बुळबुळीत साय होती, बोटात धरली की शेंबडासारखी ताणली जाते, आणि त्यात कॅनच्या झाकणाखाली असते ना ती पातळ प्लास्टिकची चकती, तिचा नखाएवढा तुकडा. टाकी धुऊन सगळं जोडलं, काल संध्याकाळी सलग दोन तास रोटाव्हेटर मारला, कुठं दबला नाही. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

पण आज सकाळी नवीनच. चालू झाला, दहा सेकंदांत बंद पडला, एअर काढली की चालतो. रात्रभर उभा राहिला की परत तसंच होईल असं वाटतंय.

पाना तेरा
हवा धरतोय. खोलताना जोडाची तांब्याची वायसरं जुनीच परत बसवली ना? ती एकदा दाबली गेली की कडक होतात, परत नीट बसत नाहीत. नवीन टाका. नाहीच मिळाली तर लालबुंद तापवून गार करा, तांबं मऊ पडतं, मग वरची काळी पापडी घासून काढा. आणि फिल्टरच्या वरच्या टोपीत जुनी रबरी रिंग चिकटून राहिलीय का ते नखानं चाचपून बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की हवा ओढणारच. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत जाते, म्हणून बाहेरून कोरडं दिसतं आणि माणूस फसतो. तिथं हातभर पारदर्शक नळी टाका, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील.

एअर काढताना टाकीकडून पंपाकडे यायचं. पहिल्या फिल्टरचा स्क्रू, मग दुसऱ्याचा, मग पंपाचा. फीड पंप हातानं मारत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडा नसलेली सलग धार, आणि पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. लिव्हरवाला फीड पंप असेल आणि लिव्हर नुसताच ढिला हलत असेल तर इंजिन जरा फिरवून घ्या, आतल्या कॅमनं (इंजिनाबरोबर फिरणारा उंचवटा) पंपाचा दांडा दाबून धरलेला असतो.

जुनं इंजिन
त्या सायीबद्दल सांगतो. तो नुसता गाळ नाही, डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं जिवाणू आणि बुरशी वाढते तिची ती साय. पाणी जड म्हणून तळाला बसतं. अर्धी टाकी रात्रभर राहिली की वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेचं दव धरतं, म्हणून काम संपलं की संध्याकाळीच टाकी भरून ठेवा आणि सकाळी चालू करायच्या आधी पहिल्या फिल्टरचा खालचा स्क्रू सोडून पाणी काढा. टाकीच्या कडेला साय राहिलीच असणार, तेव्हा आताचे फिल्टर थोड्याच दिवसांत परत बघा, पुस्तकातल्या तासांची वाट बघू नका.

आणि नवीन फिल्टर बसवताना दुसऱ्या, कागदी फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल वरून ओतू नका, लोक सर्रास ओततात. ते न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जातं. डिझेल पंपाच्या प्लंजरची (आतल्या दट्ट्याची) फट दोन-तीन मायक्रॉनची असते, माणसाचा केसच पन्नास ते शंभर मायक्रॉनचा. हाताच्या पंपानंच भरा, वेळ लागला तर लागू द्या.

पाना तेरा
हे नंतर वाचणाऱ्यांसाठी, तुमचा ट्रॅक्टर कॉमन रेलचा (सगळ्या नोझलना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल देणारा नवा प्रकार) असेल तर नोझलच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारते ती) नळ्यांचे नट ढिले करून एअर काढायला अजिबात जाऊ नका, तिथं दाब हजार बारच्या वर असतो. जुन्या पंपातही नोझल दोनशे बारच्या आसपास उघडते, गळती बघायला बोट धरू नका, धार कातडीतून आत घुसते आणि वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. पुठ्ठा धरून बघा. घुसलंच तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठा.

बांधावरचा
टोपीत जुनी रिंग खरंच चिकटलेली निघाली, काळी पडून धातूसारखीच दिसत होती म्हणून लक्षात आली नव्हती. वायसरं पण नवीन टाकली. रात्रभर उभा होता, आज पहिल्या सेल्फला चालू, बंद पडला नाही. निघालो वावरात.