फायबरच्या होडीच्या तळाचा रंग पापुद्र्यांनी का सुटतो?

प्रश्न
माझ्या फायबरच्या होडीच्या तळाला गेल्या हंगामात प्रथमच शेवाळरोधक रंगाचे दोन हात दिले. आधी ८० नंबरच्या घासकागदाने संपूर्ण तळ घासला आणि मग सॉल्व्हंटने पुसला. तरीही होडी बाहेर काढली तेव्हा तळहाताएवढे पापुद्रे निघाले आणि त्यांखाली घासकागदाचे ओरखडे जसेच्या तसे दिसले. सुकाणूजवळ वाटाण्याएवढे फोडही आले आहेत. काय चुकले असावे?

उत्तर
आपण घासण्यात कसूर केलेली नाही. क्रम उलटा झाला आहे. साच्यातून होडी सुटावी म्हणून लावलेले मेण जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या सर्वांत बाहेरच्या गुळगुळीत थरावर, राहते. ते न काढता घासले की घर्षणाने मऊ होऊन ओरखड्यांत भरते आणि नंतर एकाच फडक्याने पुसल्यास सगळीकडे पसरते. म्हणून आधी मेण काढावे: एका फडक्याने सॉल्व्हंट लावावे, ते उडून जाण्यापूर्वीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, एका वेळी हातभरच जागा घ्यावी आणि फडकी सतत बदलावीत. मग तळावर पाणी मारून पाहावे. पाणी सलग पसरले तर मेण गेले. थेंब थेंब होऊन फुटले तर पुन्हा पुसावे. घासणे त्यानंतरच.

उरलेला जुना रंग मात्र कोरडा घासू नये. त्यात बहुधा तांबे असते आणि त्याची धूळ विषारी असते. पाणी लावून, श्वसनाचा मास्क घालून घासावे आणि खाली पडणारा गाळ गोळा करावा.

उत्तर
फोडांवर नुसती लांबी (पुट्टी) भरू नका. ते उघडल्यावर व्हिनेगरसारख्या उग्र वासाचा द्रव निघाला, तर पाणी फायबरच्या थरांत शिरले आहे असे समजावे. खड्डे गोड्या पाण्याने वारंवार धुऊन कित्येक आठवडे वाळू द्यावेत, मग इपॉक्सीचीच (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या राळेची) लांबी भरावी. त्यावर इपॉक्सी प्रायमरचे हात देऊन सुमारे २५० मायक्रॉनचा (पाव मिलिमीटरचा) थर करावा. शेवटचा हात बोटाला चिकटचिकट लागतो, पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेत शेवाळरोधक रंगाचा पहिला हात द्यावा. ही वेळ टळली तर प्रायमर पूर्ण वाळू देऊन पुन्हा घासावे लागते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आजच पाणी मारून पाहिले: मागच्या भागात थेंब फुटतात, पुढे पाणी सलग पसरते. होडी ज्यांवर उभी आहे त्या टेकूंखालच्या जागेचे काय करावे?

उत्तर
बाकीचा तळ पूर्ण वाळल्यावर टेकू एकेक करून, जाणकाराच्या देखरेखीखाली हलवावेत आणि त्या जागांनाही हीच सर्व प्रक्रिया करावी, कारण कच्च्या राहिलेल्या पट्ट्यांपासूनच पापुद्रे सुटू लागतात. जस्ताचे ॲनोड, म्हणजे होडीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे, रंगवू नयेत. रंगाखाली ते निकामी होतात.